स्टार्चवर बांधलेले कलम

पालीच्या आसपास आंब्याचे कलम बांधताना तुम्ही पाहिले असेलच. खुंट रायवळचा, काडी हापूसची. मुळे एकाची, फळे दुसऱ्याची. रसायनशास्त्रज्ञ स्टार्चवर नेमके हेच करतात!

भाताच्या पेजेतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब माळ. हा आपला खुंट. त्यावर सेरियमच्या क्षाराचे द्रावण घातले, की सेरियम माळेतील काही ठिकाणचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. तेथे जणू चीर पडते. त्या चिरेत ॲक्रिलोनायट्रिलचे रेणू एकामागून एक जोडले जातात व कृत्रिम बहुवारिकाची फांदी वाढते. (नकली लोकरही मुख्यतः याचीच बनते.)

ही फांदी पाण्याला दाद देत नाही. मग सगळे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवायचे. आता फांदीवर ऋणभारित गट तयार होतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, फांद्या पसरतात, पाणी आत शिरते. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात बनलेला असा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरून ठेवी. दिल्लीचा 'पुसा हायड्रोजेल' याच जातीचा; त्याचा खुंट मात्र स्टार्चचा भाऊबंद सेल्युलोज.

जांभ्याच्या जमिनीत पाऊस उदंड, पण पाणी ठरत नाही. मे महिन्यात कोवळी कलमे सुकतात. त्यांच्या मुळाशी हा पदार्थ घालावा का? तो पाणी निर्माण करीत नाही, दिलेले जपतो, एवढे ध्यानात ठेवा. खाडीकाठचे मचूळ पाणी तर त्याला मानवत नाही; मिठातील सोडियमचे आयन ऋणभार झाकतात आणि फुगलेला गोळा आक्रसतो. शिवाय स्टार्चचा खुंट मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. वरची कृत्रिम फांदी मात्र तेवढ्या सहजी कुजत नाही.