सागरी ऊर्जा आणि हमीचा दर

लोणी देवकरपासून समुद्र दूर आहे. तरीही लाटा, भरती-ओहोटी व सागरी वारे यांपासून मिळणाऱ्या विजेला कोणता दर द्यावा, हा प्रश्न इंदापूर-बारामती परिसराला परका नाही. उसाची लागण करताना शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दराचा आधार असतो. साखर कारखान्यांनी बगॅसपासून निर्माण केलेल्या विजेलाही महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2002 मध्ये खरेदीदर ठरवून दिला. दराची खात्री असली म्हणजे भांडवल उभे राहते, हे तत्त्व येथे परिचयाचे आहे.

सागरी ऊर्जेची मुख्य अडचण खर्चाची आहे. केरळात विळिंजम येथे 1991 मध्ये लाटांवर चालणारे 150 किलोवॉटचे प्रायोगिक केंद्र उभारण्यात आले. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवर 3.75 मेगावॉटचा भरती-ओहोटी प्रकल्प योजला होता. त्याचा अंदाजित खर्च 238 कोटी रुपये, म्हणजे मेगावॉटमागे सुमारे 63 कोटी रुपये झाल्याने तो सोडून द्यावा लागला. वीज महाग म्हणून प्रकल्प नाहीत, आणि प्रकल्प नाहीत म्हणून यंत्रे स्वस्त होत नाहीत, असा हा पेच आहे.

तो सोडविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग ठरावीक मुदतीच्या हमीदराचा. ब्रिटनमध्ये बाजारभाव हमीदरापेक्षा कमी असल्यास उत्पादकाला फरक मिळतो. जास्त असल्यास तो फरक परत करावा लागतो. 2022 मध्ये तेथे भरतीच्या प्रवाहापासूनच्या विजेला 2012 च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला 178.54 पौंड दर मिळाला. सागरी पवन विजेचा दर 2015 मध्ये 114 ते 120 पौंड होता. 2022 मध्ये तो 37.35 पौंडांवर आला. दुसरा मार्ग खरेदीच्या बंधनाचा. वीज कंपन्यांवरील नवीकरणीय खरेदीच्या बंधनासाठी सागरी ऊर्जा ग्राह्य धरली जाईल, असे केंद्र शासनाने 2019 मध्ये स्पष्ट केले. तिसरा मार्ग भांडवलातील तूट भरून काढणाऱ्या अनुदानाचा. 1,000 मेगावॉट सागरी पवन प्रकल्पांसह 7,453 कोटी रुपयांची योजना 2024 मध्ये मंजूर झाली; हे प्रकल्प गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी आहेत.

अनुदानाचा भार तिजोरीवर पडतो. महाग विजेच्या खरेदीचा भार अखेर ग्राहकावर. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या व दिवाबत्तीच्या देयकातही तो उतरू शकतो. म्हणून हमीदराला मुदत, क्षमतेची मर्यादा आणि उतरता क्रम असणे आवश्यक आहे. वीजदरांवरील जाहीर सुनावणीत सूचना व हरकती मांडण्याचा अधिकार ग्राहकांना आहे. दर किती काळ, किती क्षमतेपुरता आणि केव्हा उतरणार, हे तीन प्रश्न पंचायत सदस्यांनी तेथे अवश्य विचारावेत.