प्रबंधाचें इंग्रजी आणि शाळेंतला पाया



एम. ए. च्या प्रबंधाची चर्चा शाळेच्या वार्षिकांत कशास, असें तुमच्या वडीलधाऱ्यांस वाटेल. प्रबंध लिहिण्याचा प्रसंग विशीनंतर येतो हें खरें. परंतु त्यास लागणारी लेखनाची संवय शाळेंत लागली नाहीं, तर पुढें ती लावून घेणें फार कठीण जातें. याचें थोर उदाहरण म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. १९५४ सालीं ते भंडारा मतदारसंघांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते. तेव्हां आपल्या जिल्ह्यास ते परके नव्हेत.

त्यांच्या घरीं इंग्रजी बोलण्याचें वातावरण नव्हतें. पण त्यांचे वडील सुभेदार रामजी यांनीं मुलाकडून हॉवर्डचीं इंग्रजी पुस्तकें व तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घोटून घेतली. शब्दास नेमका शब्द शोधण्याची शिस्त त्यांस लागली ती येथें. पुढें १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि १९१५ सालीं प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून एम. ए. झाले. १९२१ सालीं लंडन येथें ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधास एम. एस्सी. ची पदवी मिळाली.

त्यानंतरचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मात्र परीक्षकांनीं १९२३ च्या मार्चमध्यें फेरलेखनासाठीं परत केला. त्यांनीं तो पुन्हां लिहिला, पण निष्कर्ष सोडले नाहींत. त्याच वर्षीं तो मान्य झाला. त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांनीं आपले मतभेद प्रस्तावनेंतच नमूद केले आहेत. परीक्षकाचें मत उचलून धरणें म्हणजे प्रबंध नव्हे. आपलें मत पुराव्यानिशीं मांडणें म्हणजे प्रबंध.

आतां या लेखनाचीं अंगें पाहूं.

पहिलें अंग प्रश्नाचें. 'भंडाऱ्याचे तलाव' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'कोहळी समाजानें बांधलेल्या तलावांची देखभाल १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाल्यावर कोणीं केली?' हा प्रश्न झाला. प्रश्न असल्यावांचून कोणतें पुस्तक वाचावें व कोणतें सोडावें, हें कळत नाहीं.

दुसरें अंग टिपणांचें. ग्रंथकाराचे शब्द अवतरणचिन्हांत, आपले शब्द निराळे, आणि पृष्ठांक तेथल्या तेथें लिहावा. दुसऱ्याचें वाक्य आपलें म्हणून घालणें ही चोरी होय; ती नकळत घडली तरी पदवी धोक्यांत येते.

तिसरें अंग वाक्याचें. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजींत तें कर्त्याच्या मागोमाग येतें. 'जाऊन, पाहून, विचारून' अशी मराठी सांखळी इंग्रजींत नेली कीं वाक्य लांबतें व कर्ता हरवतो. तेथें दोन-तीन वाक्यें करावींत. 'अ' आणि 'द' हीं उपपदें मराठींत नाहींत, म्हणून तीं गळतात. तेवढ्यासाठीं लिखाण एकदां निराळें तपासावें. एका परिच्छेदांत एकच मुद्दा असावा व तो पहिल्या वाक्यांत सांगावा.

चौथें अंग तोलाचें. दोन गांवें पाहून सर्व जिल्ह्याविषयीं 'सिद्ध होतें' असें लिहूं नये; 'या दोन गांवांपुरतें असें दिसतें' असें लिहावें. हा भित्रेपणा नव्हे, खरेपणा आहे.

पांचवें अंग फेरलेखनाचें. पहिला खर्डा स्वतःस समजण्यासाठीं असतो, दुसरा वाचकासाठीं.

पालकांस एक विनंति. तयार उत्तरांचीं पुस्तकें पाठ करून मुलगा परीक्षा उतरेल, पण स्वतःचें एक पानही त्यास लिहितां येणार नाहीं, आणि उच्च शिक्षणाच्या दारांत तो अडेल. त्याच्याकडून रोज इंग्रजी वर्तमानपत्रांतील पांच ओळी मराठींत व पांच मराठी ओळी इंग्रजींत करून घ्याव्या. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी, 'यांत काय सांगितलें आहे, तें मला मराठींत सांग,' एवढें विचारतां येतें. ज्यास तें नीट सांगतां आलें, त्यास उद्यां तें इंग्रजींत लिहितांही येईल. पाया खडकावर असला म्हणजे इमारत किती मजली करावी, हें पुढें ठरवितां येतें.