कॅनरी बेटांवरील देवमासे

देवमाशांचे कळप कधी कधी किनाऱ्यावर येऊन पडतात आणि तेथेच प्राण सोडतात. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने डॉल्फिनांविषयी असेच लिहिले आहे. ते असे का करतात हे कोणास ठाऊक नाही, अशी कबुलीही त्याने दिली आहे. त्या काळी समुद्रात यंत्रे नव्हती. तेव्हा असा प्रत्येक प्रकार मनुष्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु एके ठिकाणी मात्र मनुष्याचा हात स्पष्ट दिसून आला.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात, स्पेन देशाची कॅनरी बेटे आहेत. तेथील खोल समुद्रात चोचीसारखे तोंड असलेले देवमासे राहतात. देवमासा हा केवळ नावाचा मासा होय. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो व मादी पिलांना दूध पाजते. मात्र दम धरण्यात त्याची बरोबरी कोण करील? या देवमाशांपैकी एका जातीने जवळजवळ ३ किलोमीटर खोल बुडी मारल्याची नोंद आहे! तेथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही. अशा काळोखात देवमासा स्वतः आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखतो. कान हेच त्याचे डोळे.

२४ सप्टेंबर २००२ रोजी या बेटांजवळ अनेक राष्ट्रांच्या नौदलांचा युद्धसराव चालू होता. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी युद्धनौका पाण्यात तीव्र ध्वनी सोडतात. त्या यंत्रास ‘सोनार’ म्हणतात. (दागिने घडविणाऱ्या सोनाराशी याचा काही संबंध नाही!) ध्वनी सुरू झाल्यावर सुमारे ४ तासांनी देवमासे किनाऱ्यास लागू लागले. एकूण १४ आले. शास्त्रज्ञांनी मृत देह तपासले, तेव्हा रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे असल्याच्या खुणा आढळल्या. खोल पाण्यात उतरलेला मनुष्य घाईने वर आला, तर त्याच्या रक्तातही असेच बुडबुडे होतात. त्या कर्कश ध्वनीने भेदरून देवमाशांनी आपली बुडी मारण्याची नेहमीची रीत सोडली असावी, असे शास्त्रज्ञांनी अनुमान काढले.

२००४ साली स्पेनच्या सरकारने या बेटांभोवती सोनार वापरण्यास बंदी केली. पूर्वी तेथे देवमासे वारंवार कळपाने किनाऱ्यास लागत. २०१३ साली शास्त्रज्ञांनी आढावा घेतला, तेव्हा बंदीनंतर असा एकही प्रकार घडलेला नव्हता.

ही बंदी कॅनरी बेटांपुरतीच होती. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाजवळ एप्रिल २०१४ मध्ये नौदलांचा सराव चालू असता, तसेच चोचीचे देवमासे वाळूवर येऊन पडले.