सफेद मुसळी : आपल्या डोंगरातील एक रानफूल

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस लोटले की ठाणे-कल्याणच्या बाजारांत आदिवासी भगिनी गवतासारख्या लांब पानांच्या जुड्या घेऊन बसतात. ही कुलूची, काहींच्या तोंडी फोडशीची, भाजी. या नावाने ज्या वनस्पतींची पाने विकली जातात, त्यांपैकी एक सफेद मुसळी. ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’ या तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. हे नाव फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी दिले. त्याच डोंगरांची पूर्वेकडील बाजू म्हणजे आपले येऊर.

मुसळी बहुवर्षायू आहे. पावसाळ्यात पानांमधून दांडा वर येतो व त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले उमलतात. पाऊस सरला की पाने वाळतात आणि वनस्पती दिसेनाशी होते. उरतो तो जमिनीखालील मांसल मुळ्यांचा झुबका. फाल्गुन-चैत्रात वणवा वरचे गवत जाळीत जातो; मातीखालच्या मुळ्या मात्र त्यातून वाचतात व पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन तिला मानवते. पाणी साचले तर मुळ्या कुजतात.

खरा धोका कुदळीचा. पान खुडले तर मूळ राहते. औषधासाठी मात्र मूळच खणून, सोलून वाळविले जाते. बी धरण्याआधी उपटलेले झाड मागे काहीच ठेवीत नाही. मुसळीची आता शेतात लागवड होते, तेव्हा रानातील मुळांवर हात टाकण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. भाजी घेताना जुडीचे बूड एकदा पाहावे. तेथे मुळ्या लोंबत असतील, तर ते झाड पुढच्या मृगात उगवणार नाही.