“साधा ताप” असे लिहिण्यापूर्वी



काही वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, रामटेक तालुक्यातील एका गोंड वस्तीवर आमचे आरोग्य शिबिर होते. तीन जण ताप घेऊन आले. हिवतापाची तपासणी केली, तर हिवताप निघाला नाही. मी वहीत “साधा ताप” असे लिहिले, गोळ्या दिल्या आणि पुढच्या गावाला निघाले. दहा दिवसांनी परत गेले, तेव्हा कितीतरी घरांत माणसे सांधे धरून बसली होती. एका आजीबाईंना उंबरठा ओलांडवत नव्हता. त्यांच्या सुनेची रोवणीची मजुरी बुडाली होती. आशाताई एवढेच म्हणाल्या, “मॅडम, तेव्हाच सांगितलं असतं तर?”

पुढे रक्तनमुने तपासले गेले आणि चिकुनगुन्या निघाला. आशाताईंच्या प्रश्नामुळेच मी हा पाठ लिहीत आहे.

नागपूरचा इतिहास

1965 साली नागपुरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तापाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. त्यात दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. नागपूरच्या चांदीपुरा भागावरून त्याला “चांदीपुरा” हे नाव मिळाले. हा विषाणू मुख्यतः वालुमाशी पसरवते. ही माशी डासाहूनही लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत राहते.

त्या वेळी हा शोध किरकोळ वाटला असेल. पण 2003 मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने 329 मुले आजारी पडली आणि त्यांपैकी 183 दगावली. कारण शोधताना हाच विषाणू पुढे आला. त्याची ओळख 38 वर्षांपूर्वीच नोंदलेली होती, म्हणून तो ओळखता आला.

चिकुनगुन्याचेही असेच आहे. 1973 मध्ये बार्शीत साथ आली, त्यानंतर तो जवळजवळ तीन दशके दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस तो देशात पुन्हा पसरू लागला. आजार दिसत नाही म्हणजे तो गेला, असे समजू नये.

पाळत कशी ठेवतात?

पहिली पाळत माणसांवर. एकाच वस्तीत, एकाच आठवड्यात तापाचे रुग्ण वाढले, की आशाताई किंवा आरोग्यसेविका प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवतात.

दुसरी पाळत डासांवर. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो व साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कर्मचारी घरोघरचे रांजण, टाक्या, टायर तपासतात. 100 घरांपैकी 12 घरांत अळ्या सापडल्या, तर त्या गावाचा घर निर्देशांक 12. आकडा वाढला, की साथीआधीच धोका कळतो.

तिसरी पाळत प्रयोगशाळेत. इथे वेळ महत्त्वाची. डेंग्यूचा विषाणू रक्तात पहिले चार-पाच दिवस सापडतो. नंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, हे वहीत लिहिणे फार गरजेचे आहे. मी ते लिहिले नव्हते.

जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात ताप वाढला. गावातील नमुने पुण्याला गेले. त्यांत चिकुनगुन्या आढळलाच, शिवाय एका महिलेला झिकाची लागण असल्याचे निष्पन्न झाले. तो महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण. गावातल्या तापाची दखल घेतली गेली, म्हणून तो सापडला.

आपल्यासाठी धडा

यहेज्केलाच्या पुस्तकातील पहारेकरी आपणांस ठाऊक आहे. शत्रूला थोपवणे त्याच्या हाती नसते, पण वेळेवर शिंग फुंकणे असते. आता आमच्या प्रत्येक शिबिरात तापाच्या रुग्णापुढे तीन गोष्टी लिहितो: ताप आल्याची तारीख, सांधेदुखी वा पुरळ आहे का, आणि शेजारच्या घरांत कोणी आजारी आहे का. त्याच दिवशी आशाताईंना कळवतो. लहान मुलाला तापात झटके आले किंवा ते गुंगीत गेले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठतो.

शहरातील वाचकहो, हा डास केवळ वस्त्यांवरचा नाही. उन्हाळा संपल्यावर आपल्या कूलरमध्ये राहिलेले पाणी त्याला पुरेसे आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस कूलर, टाकी व कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून, घासून कोरड्या करा. घासणे महत्त्वाचे, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत या महिन्यात कोणाकोणाला ताप आला? आपल्याला ते केव्हा कळले?
2. आपल्या भागातील आशाताईंचे नाव आपल्याला माहीत आहे काय?