आरोग्यसेवेचे समाजमूल्य : रेबीज नियंत्रणाचा धडा

दिवसाला किती रुग्ण तपासले, किती लसी टोचल्या, यांवरून आपण सहसा आपल्या कार्याचे मूल्यमापन करतो. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु समाजाला झालेला लाभ त्यांतून पुरेसा कळत नाही. जे मूल आजारीच पडले नाही, त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते.

असा लाभ मोजण्यासाठी जागतिक बँकेच्या 1993 च्या अहवालात 'डॅली' हे एकक वापरले गेले. अकाली मृत्यूने हिरावलेली वर्षे आणि आजार वा अपंगत्वाने उणावलेली वर्षे यांची ती बेरीज होय. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला हे एकक महत्त्वाचे वाटते. कारण सहा वर्षांचे बालक दगावले, तर साठाहून अधिक वर्षांची हानी होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. 2013 ते 2019 या काळात येथे कुत्र्यांचे लसीकरण, शालेय प्रबोधन आणि रोगसर्वेक्षण यांची सांगड घालण्यात आली. 95,000 हून अधिक कुत्र्यांना लस देऊन 70 टक्के व्याप्ती साधली गेली. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी घटले आणि त्या कालखंडाच्या अखेरीस माणसांचे रेबीजमृत्यू थांबले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2,249 डॅली वाचले. प्रत्येकी खर्च 526 डॉलर, म्हणजे एकूण सुमारे 12 लाख डॉलर. हा दर देशाच्या दरडोई उत्पादनापेक्षा पुष्कळ कमी असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हा उपक्रम 'अत्यंत किफायतशीर' ठरतो.

तरीही हा हिशेब अपुराच आहे. कुत्रा चावलेल्या मुलाला लसीच्या प्रत्येक मात्रेसाठी नेताना पालकांची बुडणारी मजुरी, चुकणारी शाळा आणि घरभर पसरलेली भीती डॅलीत मोजली जात नाही. पेडणे व डिचोलीच्या लसीकरणाचा लाभ सावंतवाडी-दोडामार्गलाही मिळतो. कुत्र्याला राज्याची हद्द ठाऊक नसते. त्याच कारणाने पलीकडील उणीव आपल्यालाही भोवू शकते.

येथेच खरा धोका आहे. रोग दिसेनासा झाला, की त्यावरील खर्च अनावश्यक वाटू लागतो. म्हणून या दोन तालुक्यांतील सहव्यवसायींना माझी विनंती आहे : प्रत्येक श्वानदंशाच्या नोंदीत रुग्णाचे वय, गाव, पूर्ण झालेल्या मात्रा आणि बुडालेले कामाचे वा शाळेचे दिवस लिहावेत. वर्षअखेरीस या नोंदी एकत्र केल्यास लसीकरण का चालू राहिले पाहिजे, हे शासनाला आकड्यांनिशी सांगता येईल.