जागा बदललेला खेळाडू : एक विचार

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कसलाही कागद आला की वडील तो माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "तू शिकलेली हायेस, सांग." खताच्या पावतीपासून बँकेच्या नोटिशीपर्यंत पुष्कळ कागद मी त्यांना वाचून दाखविले आहेत. परंतु या उन्हाळ्यात त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर कुठल्याच कागदावर नव्हते. माझ्या धाकट्या भावाला पुन्हा बाहेर पाठवावे की नाही, हा तो प्रश्न.

भाऊ पंधरा वर्षांचा आहे आणि पळतो. तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला पहिला आला, तेव्हा एका मोठ्या शहरातील क्रीडा वसतिगृहात त्याची निवड झाली. एस. टी.त बसविताना गावाने त्याला हार घातले. चार महिन्यांनी तो परत आला. तिथे त्याची वेळ सुधारण्याऐवजी बिघडली होती. मुले त्याच्या बोलण्याची नक्कल करीत म्हणून तो बोलेनासाच झाला होता. "पळणारा पळून आला" असा विनोद आमच्या पारावर अजून चालतो. आता दुसऱ्या ठिकाणाहून बोलावणे आले आहे, आणि वडील म्हणतात, "एकदा उपटलेलं रोप दुसऱ्यांदा लागत नसतंय."

वडिलांचे म्हणणे अनुभवाचे आहे. आमच्याकडे कांद्याचे रोप वाफ्यात टाकतात आणि दीड-दोन महिन्यांनी उपटून रानात लावतात. लावल्यावर पहिले काही दिवस ते मान टाकते. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, गेले हे. पण तेव्हा त्याच्या मुळ्या नवी माती धरीत असतात. प्रश्न एवढाच की, माणसाच्या बाबतीत हे मान टाकणे किती दिवसांचे समजावे? चार महिने पुष्कळ झाले की थोडे?

याचा शोध घेताना मला सर्वांत चांगले उदाहरण सापडले ते आपल्या मुलखापासून फार दूरचे, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे. अमेरिका आणि कॅनडा या देशांत नॅशनल हॉकी लीग नावाची व्यावसायिक स्पर्धा चालते. तिथले संघ अठरा-एकोणीस वर्षांची होतकरू मुले निवडतात आणि पुढे गरज पडली की आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेतात. बैलबाजारात जोडी बदलावी तसा हा व्यवहार. बहुतेकदा त्या मुलाला कोणी विचारीतही नाही. सकाळी निरोप येतो आणि संध्याकाळी तो दुसऱ्या शहरात असतो. मार्च 1996 मध्ये पिट्सबर्ग आणि व्हँकुव्हर या दोन संघांनी असाच एकास एक बदल केला. मार्कस नॅसलंड हा स्वीडनचा मुलगा व्हँकुव्हरला गेला आणि अॅलेक स्टोयानोव्ह हा कॅनडाचा मुलगा पिट्सबर्गला आला. दोघांचा जन्म 1973 चा, दोघांची निवड 1991 सालची. त्या निवडीत स्टोयानोव्ह सातवा होता आणि नॅसलंड सोळावा. म्हणजे जाणकारांच्या मते स्टोयानोव्ह सरस.

पुढे काय झाले? स्टोयानोव्हचे संपूर्ण लीग-कारकिर्दीत दोन गोल झाले. त्याच्या वाट्याला 1997 मध्ये मोटारीचा अपघातही आला, तेव्हा सगळा दोष जागा बदलण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. नॅसलंड मात्र व्हँकुव्हरचा कर्णधार झाला आणि 2000 ते 2008 अशी आठ वर्षे राहिला. लोक एवढीच गोष्ट सांगतात. मला महत्त्वाची वाटली ती मधली वर्षे. नव्या संघात गेल्यावर नॅसलंड लगेच चमकला नाही. 1997-98 च्या हंगामात त्याचे गोल अवघे चौदा, आणि काही सामन्यांत तर त्याला खेळवलेदेखील नाही. पुढच्याच हंगामात छत्तीस! बदलीनंतर हा तिसरा पूर्ण हंगाम होता. 1998 च्या उन्हाळ्यात कोणी त्याच्याबद्दल मत दिले असते तर ते आमच्या पारावरच्या मतापेक्षा फारसे वेगळे नसते.

परंतु बर्फावरच्या हॉकीने माझ्या वडिलांचे समाधान व्हायचे नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून आता आपल्या जिल्ह्यात येते.

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आज कोणाला माहीत नाही? 1994 चा जन्म, घरची परिस्थिती बेताची, शाळा सहा किलोमीटरवर, त्यामुळे चालत-पळत जाणे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. आणि मग बदल्या! सियाचेनचा बर्फ, राजस्थानचे वाळवंट, नंतर सिक्कीम. सैन्यात बदलीचा हुकूम येतो. तुला आवडेल का, असे कोणी विचारीत नाही. 2015 मध्ये तो सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला. पुढे अमरीश कुमार या सैन्यातील प्रशिक्षकांनी त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळविले. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. म्हणजे त्याची जागाच नव्हे, शर्यतही बदलली.

यातला एक प्रसंग मी वडिलांसाठी मुद्दाम टिपून ठेवला. साबळे काही काळ निकोलाय स्नेसारेव्ह या नामवंत परदेशी प्रशिक्षकांकडे गेला होता. सरावाची ती पद्धत त्याला मानवली नाही आणि 2018 मध्ये तो पुन्हा अमरीश कुमारांकडे परत आला. घोट्याच्या दुखापतीमुळे त्या वर्षीची आशियाई स्पर्धाही हुकली. आमच्या पाराला हे कळले असते तर "पळणारा पळून आला" हा विनोद त्याच्याही वाट्याला आला असता. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत संपवून गोपाल सैनी यांचा 1981 चा, म्हणजे सदतीस वर्षांचा जुना, राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे तो अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. परत आलेला माणूस पुन्हा गेला, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी लांब गेला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो रौप्यपदक घेऊन आला; सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. 1998 पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचेच धावपटू नेत होते. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटे 9.91 सेकंद. भुवनेश्वरच्या विक्रमाहून ही वेळ जवळजवळ वीस सेकंदांनी कमी आहे.

दुसरे उदाहरण पाटोद्याचे. मल्ल राहुल आवारे लहान वयात पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत गेला. वस्ताद 2011 मध्ये वारले तेव्हा तो विशीच्या आसपास होता. वस्ताद गेला की तालमीतली पोरे पांगतात, हे कुस्तीच्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. राहुल काका पवारांकडे गेला. बिराजदार काय आणि पवार काय, दोघेही आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. मला यात एक गोष्ट दिसते, ती कोणाला क्षुल्लक वाटेल: जागा बदलली, माणूस बदलला, पण बोली बदलली नाही. "आरं, पाय आत घाल" हे कोणत्या आवाजात सांगितले जाते, यावर पोर घाबरते की शिकते हे ठरत असावे. राहुलने 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळविले.

हे मी कौतुकाने लिहिते आहे, पण माझ्या मनात एक अढी आहे, तीही सांगते. आपण फक्त पोहोचलेल्यांच्या गोष्टी वाचतो. बीड जिल्ह्याला जागा बदलणे नवे नाही. दिवाळी सरली की कोयत्यामागे अर्धी गावे रिकामी होतात आणि कारखान्यांच्या फडावर पालं पडतात. माझे आईवडीलही आठ हंगाम गेले. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाला कोणत्या कारखान्यावर जायचे हे तरी कुठे विचारले जाते? आईबापांबरोबर गेलेली मुले वर्षाच्या मध्येच शाळेतून उठतात. त्यांत पळणारे कितीतरी असतील. मी आजीजवळ राहिले म्हणून शिकले. माझ्या वर्गातल्या दोघी फडावर गेल्या आणि त्यांची नावे हजेरीपटावरून गेली. तेव्हा हुशार पोर कुठेही लावा, उगवतेच, असे जे म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. नॅसलंडला तीन हंगाम मिळाले म्हणून तो नॅसलंड झाला. साबळेला परत यायला दार उघडे होते. राहुलला आपल्या बोलीत रागावणारा दुसरा वस्ताद भेटला.

मी स्वतः गावाहून बीडला आले तेव्हा पहिले सहा महिने मागच्या बाकावर बसत होते. इंग्रजीच्या तासाला नाव पुकारले तर उभी राहून गप्प राही. त्या सहा महिन्यांवरून कोणी माझा निकाल लावला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण माझा निकाल लावायला पारावर कोणी बसले नव्हते. मुलीचे शिक्षण कोण एवढे लक्ष देऊन पाहतो! त्या दुर्लक्षाचा मला फायदाच झाला.

भावाला मी दोनच गोष्टी विचारल्या. नव्या ठिकाणी तुझी वेळ लावणारा माणूस कोण, आणि तो तुझ्याशी बोलला का? तो म्हणाला, "ताई, त्यांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा पळण्याचं काहीच इचारलं नाही. जेवतो काय, झोपतो कधी, तेवढंच इचारलं."

हे सगळे कच्चे टिपण मी एका संध्याकाळी ओट्यावर वडिलांना वाचून दाखविले. हॉकीचा भाग त्यांनी तंबाखू मळत ऐकला. साबळेचा भाग आला तेव्हा हात थांबला.

"परत गेला तव्हा त्या सरांनी घेतलं का त्याला?"

"घेतलं."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर भावाची पत्र्याची पेटी अंगणात उन्हाला ठेवलेली होती, आणि वडील तिच्या कडीला तेल लावीत होते.